फेरेकाका

कुणाच्याही घरी गेलं की फेरेकाका पाण्याच्या तांब्याआधी मीटरकडे बघायचे. काळ्या डब्याच्या काचेआड फिरणारी ती रुपेरी चकती, तिच्यावरची लाल खूण. खूण एकदा समोरून गेली की एक फेरा. घड्याळ हातात धरून ते फेरे मोजायचे, म्हणून हे नाव. धाटावच्या केमिकल कंपनीत त्यांनी जन्मभर वायरमनकी केली होती. निवृत्त झाल्यावर रोह्यात स्वस्थ बसायचं सोडून लोकांची मीटरं बघत हिंडायचे. कोलाडच्या हॉटेलात वडा येईपर्यंतसुद्धा मान वर, नजर मीटरवर.

मी तेव्हा पेणमध्ये पत्रकं लिहायचे. ‘मीटर पळतात, जनता गप्प का?’ असली. मला वॉट आणि युनिट यांतला फरक ठाऊक नव्हता, पण राग भरपूर होता. रोह्यात वाटताना एक पत्रक काकांच्या हाती पडलं; त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “पोरी, किती पळतो मीटर? मोजलास?”

“मोजायचं काय?” मी विचारलं.

“वॉट म्हणजे खायचा वेग. युनिट म्हणजे पोटात गेलं ते. हजार वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. रातभर फिरलेला पंखा नि अर्धा तास तापलेली इस्त्री, दोघं जवळजवळ सारखंच खातात. पण लोक पंखा बंद करतात नि घामात झोपतात!”

हे मला शाळेत, कॉलेजात, कुठेही कुणी सांगितलं नव्हतं. बिल घरोघर पोचवतात, ते वाचायला मात्र शिकवत नाहीत. हा राग माझा अजून गेलेला नाही.

काकांना मी पेणला आणलं ते आमच्या आळीतल्या नलूताईंसाठी. त्यांचा घरातच गणपतींचा कारखाना. ऐन पावसाळ्यात त्यांचं मीटर दुपटीने पळू लागलं होतं. मी लगेच निदान केलं होतं, “शेजारून तार टाकलीय कुणीतरी.” शेजारी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, मंदा. बोलणं अंगणातच, मोठ्याने झालं आणि मंदाने ते ऐकलं. त्या दिवसापासून ती फिरकली नाही. पण नलूताईंच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची ती एकटीच. चतुर्थी तीन आठवड्यांवर, आणि रंगवून तयार झालेले दीडशे गणपती डोळ्यांवाचून ओळीने बसलेले.

काकांनी मीटरखाली स्टूल ठेवलं. “घरातलं सगळं बंद कर गो. चकती थांबली तर चोरी नाय.”

नलूताईंनी पंखे, दिवे, मिक्सर, टीव्ही, सगळं बंद केलं. चकती फिरतच होती.

“बघा!” मी ओरडले. “चोरी!”

“कावळ्यासारखी कोकलू नको,” काका म्हणाले. घड्याळ बघितलं. “मिनिटाला आठ फेरे, तासाला चारशे ऐंशी. या मीटरवर सहाशे फेऱ्यांचा युनिट लिवलाय. म्हणजे आठशे वॉट कुठंतरी चालू हाय.” मग नलूताईंकडे वळून म्हणाले, “सगळं बंद केलंस ना?”

“व्हय. घरातलं सगळं.”

“नि घरातलं नसलेलं?”

नलूताई गोंधळल्या. मग म्हणाल्या, “ते बाप्पाकडचे दिवे तेवढे हायत. ते कसे बंद करायचे? ओले हायत ना अजून.”

मागच्या पडवीत प्लॅस्टिकच्या आडोशात नव्या मूर्ती वाळत होत्या. आत दोनशे वॉटचे चार पिवळे बल्ब, गेले कित्येक दिवस अहोरात्र चालू. ते गणपतीचे, म्हणून घरच्या वापरात नलूताईंनी कधी धरलेच नव्हते. काकांनी ते चार मिनिटांपुरते बंद केले. चकती थांबली. तार नाही, चोरी नाही, मीटरही खरं.

नलूताई खाली बसल्या. “आता मंदाला कोणत्या तोंडाने सांगू?”

“तू नको,” काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “चोरी अंगणात ओरडून सांगितलीस ना? हे पण तिथंच ओरड.”

पावसात उभी राहून मी ओरडले, “मंदाकाकी, माझं चुकलं! तार कुणी टाकली नाय!” इतकं लहान पत्रक मी कधी काढलं नव्हतं.

मग पलीकडून आवाज आला, “ऐकलं गो, बहिरी नाय मी. काळा रंग भिजवलाय काय?”

दुपार ढगांनी अंधारलेली. मंदाकाकी एक बल्ब डोक्यावर ओढून बसली, जावेशी एक शब्द न बोलता. तिसऱ्या मूर्तीला तिने काकांना विचारलं, “ह्यो एक बल्ब किती खातो वो?”

“पाच तासांत एक युनिट.”

“तेवढ्यात माझे किती गणपती होतात ते मोजा मग.”

काकांनी घड्याळ काढलं. नलूताई चहा ठेवायला उठल्या, तीन कप घेऊन आल्या, आणि परत जाऊन चौथा मंदासाठी आणला.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. तो कारखाना दोघी जावा मिळून चालवतात. युनिट म्हणजे काय असं तिथे कुणी नव्या बाईने विचारलं, तर मंदाकाकी हातातला कुंचला न थांबवता सांगते, “एका युनिटात चाळीस गणपती डोळे उघडून बघाया लागतात.”