खरं पुस्तक कधी लिहिणार?

क्लेअरच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, रोज दारात येऊन पडतात. ही माझी नेदरलँड्समधली, अ‍ॅमस्टेलव्हीनची फ्रेंच शेजारीण. वीस वर्षं बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहितेय. लोक तिला काय वाट्टेल ते ऐकवतात. ती विसरून जाते, माझा मात्र जळफळाट होतो!

* * *

तिच्या डच सासूबाईंचा वाढदिवस होता. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे गोलात खुर्च्या मांडून, केकचा एकेक तुकडा घेऊन बसलेले. नणंद म्हणाली, "आता मोठ्यांसाठी एखादं खरं पुस्तक लिही की!"

"लिहीन," क्लेअर म्हणाली. "तूही एकदा मोठ्यांना शिकवून बघ."

नणंद प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे.

* * *

आपले लोक तरी काय कमी आहेत? फेल्डहोवन गावातला आमचा मित्र समीर कॉम्प्युटर चिप तयार करणारी मशिन्स बनवतो. तो तिला म्हणाला, "मुलांचंच ना? वीकेंडला होत असेल!"

"होतं ना. शंभरेक वीकेंड लागतात."

"मग एखादं टेम्प्लेट वापर."

डोकंच फिरलं माझं.

* * *

नव्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात नायकाची आई मरते. पॅरिसहून संपादकबाईंचा फोन आला. आईला जगवा, नाहीतर पुस्तक छापणार नाही. पालक घाबरतात म्हणे!

"आणि मुलं?" क्लेअरने विचारलं.

"पुस्तकं मुलं विकत घेत नाहीत," बाई म्हणाल्या.

दोन वर्षांचं काम! मी फोन आपटला असता. क्लेअर एवढंच म्हणाली, "आधी मुलांना वाचून दाखवते, मग सांगते." तिची कायमची पद्धतच आहे ती.

* * *

ते वाचन माझ्या घरी झालं. मराठी मंडळातली आठ-दहा मुलं पुढे, आईबाप मागे. क्लेअर फ्रेंचचं इंग्रजी करत वाचत होती. गोष्टीतली आई गेली, तसा समीर ताडकन उठला. "बंद करा हे! मुलांसमोर मरणाचं काय वाचताय?"

त्याचे वडील तीन महिन्यांपूर्वी पुण्यात वारले होते. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीची, इराची शाळेत मोठी परीक्षा होती, म्हणून तिला कळू दिलं नव्हतं. आजोबांचा फोन बिघडलाय, एवढंच सांगितलेलं. आम्हा सगळ्यांना तशी तंबी होती आणि आम्ही ती निमूटपणे पाळली. लाज वाटते आता!

इरा मागे वळली.

"बाबा, आजोबा इज डेड. आय नो. तू रडशील म्हणून मी विचारलं नाही."

इराने क्लेअरकडे तोंड फिरवलं.

"नेक्स्ट चॅप्टर, प्लीज."