सुगंधाचा जुना आवाज

नम्रताने कणकवलीहून येताना एक पत्रक आणलं आणि सासूच्या, सुगंधाच्या, हातात दिलं. नम्रता तिथल्या कॉलेजात कारकून होती.

"आई, तुमी येवाच. चाकरमान्यांच्या बायकांच्यो जुन्यो मुलाखती गावल्यो, पोरी त्येचा नाटक बसवतत."

सुगंधा शेवग्याच्या शेंगा सोलत होती. पत्रक वाचलं आणि तिचे हात थांबले. मुलाखती कट्टा, कसाल आणि आसपासच्या गावांतल्या. ध्वनिफिती पुण्याच्या एका संस्थेने जपून ठेवलेल्या.

तीसेक वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई आली होती. काजूच्या सावलीत बसून तिने टेप लावला, "तुमचं नाव कुठे येणार नाही" म्हणाली, आणि सुगंधाला विचारलं, कशी आहेस? घरात हे कोणी विचारत नव्हतं. नवी सून बोलत सुटली. काय बोलली ते आता धड आठवेना; बोलून हलकं वाटलं होतं, एवढंच आठवे.

बाहेर दाजी, तिचा नवरा, जास्वंदीला पाणी घालत होते. मुंबईतल्या छापखान्यातून निवृत्त होऊन आलेले, आवाज न चढवणारे, गावात कुणाचा तंटा झाला तर ज्यांना बोलावतात असे. हाच माणूस एकेकाळी सुट्टीवर येऊन हात उचलायचा, हे आता सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. मुलगा ओमकार, नम्रताचा नवरा, त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचं निमित्त काढून तिने कट्ट्यावरून कणकवलीची एसटी धरली.

कॉलेजच्या सभागृहात तालीम चालली होती. गौरजा नावाची मुलगी उभी राहून बोलत होती.

"गणपतीक मुंबयसून घोव येतत म्हणान सगळ्यो बायलो हरखतत. मी मात्र घोव परत जातलो ते दिस मोजतंय. राती मी दाराआड कळशी ठेवतंय. दार ढकलल्यान की ती वाजता, मगे माका उठान बसूक वेळ गावता."

सुगंधा मिळेल त्या खुर्चीत बसली. नाटक बसवणाऱ्या संचिता मॅडम धावत आल्या.

"काकी, बरं वाटत नाही का? कोण हवंय तुम्हाला?"

"ती कळशीवाली मी."

संचिता मॅडम चाचरत म्हणाल्या, "फितींवर नावं नाहीत हो. आम्ही संस्थेची परवानगी घेतली होती."

"आणि माझी?"

"तुम्ही म्हणाल तर सगळं काढून टाकते," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "ऐकायचंय का?"

मोबाइलमधून तिचाच तेव्हाचा बारीक, घाईघाईचा आवाज आला. कळशीचं सांगताना ती मुलगी मध्येच खुदकन हसली होती. सुगंधाने दोनदा ऐकलं.

"हसतंय कशाक मी?" ती पुटपुटली. मग उठता उठता म्हणाली, "कळशी तेवढी काढा. घरातलो माणूस वळखतलो."

घरी आल्यावर मात्र तिला चैन पडेना. भात करपला, मीठ दोनदा पडलं. दाजींनी हाक मारली की ती दचके. काढायला सांगितलं तरी भीती जाईना, उलट वाटे, त्या फितीतल्या मुलीचं तोंड आपणच दाबलं. शेवटी तिने मॅडमना फोन लावला.

"कळशी काढू नकात, रवांदे. आणि ता हसना पण घेवा."

प्रयोगाला नम्रताने दाजींनाही आणलं. गौरजा कळशीपाशी आली, हसली. दाजी पत्रकाने वारा घेत होते, तो हात थांबला. प्रयोग संपेपर्यंत पुन्हा हलला नाही. सुगंधा समोर बघत राहिली.

परतीच्या एसटीत नम्रता पुढच्या सीटवर डुलकी घेत होती. कसाल मागे पडल्यावर दाजी म्हणाले, "ती कळशी... माका वाटायचा, तू इसरान ठेवतंस."

"नाय."

मग त्यांनी विचारलं, "आता भय वाटता?"

खोटं बोलणं सोपं होतं. "कधी कधी," ती म्हणाली.

दाजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. घरी पोहोचल्यावरही सुगंधाची काळजी कमी झाली नाही.

आठवड्याने संचिता मॅडमचा फोन आला. नाटकाला इतर कॉलेजांतून बोलावणी येत होती. सुगंधा म्हणाली, "आधी बाकीच्या बायकांका इचारा. नाटकातली एक बाय मी वळखलंय. कसालची यशोदा."

दोघी मिळून कसालला गेल्या. यशोदाच्या अंगणात पुरुषांच्या चपला दिसल्या. सुगंधाने मॅडमना फाटकाबाहेरच थांबवलं.

"कोण गो?" आतून यशोदा आली.

"मी, कट्ट्याची सुगंधा. जरा भायर ये," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्या त्या टेपचा काय करूचा, ता तुकाच इचारूचा आसा."

यशोदाने एकदा घरात वळून बघितलं, दार ओढून घेतलं आणि पायरी उतरली.