पिस्तूल मी जोडलं होतं

म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमधल्या चुका काढायच्या, हे माझं काम. एकोणीस वर्षं तेच केल्यावर वाटलं, एकदा आपण काहीतरी करावं आणि त्यात चूक काढायला कुणाला जागा ठेवू नये. त्यातून ते गॅसचं पिस्तूल आलं.

खेळातलंच. प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या उडवणारं. मॅगझिनमध्ये गॅस भरायचा, वर गोळ्या भरायच्या. चाप ओढला की गॅस गोळीला ढकलतो आणि वरची स्लाइड खाडकन मागे जाऊन पुढे येते. माझा धाकटा भाऊ दर रविवारी पिरियापट्टणच्या बाजूला, तंबाखूच्या शेतांपलीकडच्या मैदानावर मित्रांबरोबर हा खेळ खेळायला जातो. त्याचं तयार पिस्तूल बिघडलं, ते मी उघडून बघितलं आणि मला नाद लागला. तयार घ्यायचं नाही, एकेक भाग जमवून जोडायचं, असं ठरवलं.

सांगाडा एकीकडून मागवला, नळी दुसरीकडून, स्लाइड तिसरीकडून. कागदावर सगळे एकमेकांचे सोयरे. टेबलावर आल्यावर कुणाचं कुणाशी पटेना. स्लाइड सांगाड्यावर अडकायची. तीन आठवडे पॉलिश पेपरने घासली, रोज थोडी, मोजून. गोळी नळीत शिरते तिथे नखाएवढं रबर असतं, ते केसभर तिरकं बसलं तरी गोळी डावीकडे जाते. ते मी पाच वेळा काढून बसवलं. मॅगझिनचा व्हॉल्व्ह गळायचा. बादलीत बुडवला की बुडबुडे. शेवटी फोरमनना विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेचा नवा व्हॉल्व्ह मी स्वतः केला. तो बसवून बादलीत बुडवला, पाच मिनिटं पाहत राहिले. एकही बुडबुडा नाही.

या सगळ्या वेळी अप्पा, माझे वडील, शेजारच्या खुर्चीत असायचे. ते बस डेपोत मेकॅनिक होते. सातवीत असताना मला कानस धरायला त्यांनीच शिकवलं. "ढकलताना जोर, ओढताना उचल," हे त्यांचंच वाक्य. बुडबुडे थांबले तेव्हा तेच आधी म्हणाले, "आयतु! जमलं बघ."

भावाने पिस्तूल मागितलं तेव्हा मी सहज दिलं. मला खेळायचं नव्हतं, करायचं होतं. ते झालं होतं. तो दर रविवारी न्यायचा, धुळीने माखून आणायचा. मी साफ करून ठेवायचे. तिथे तो काय सांगतो, हे मी कधी विचारलंच नाही.

ते आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कळलं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. त्यांची एक गंजलेली तलवार घरात आहे, तिची त्या दिवशी पूजा होते. शेजारी अप्पांचे पाने, भावाच्या बाइकची किल्ली, माझा मायक्रोमीटर. यंदा मी पिस्तूलही ठेवलं. अप्पांनी त्याला स्वतः कुंकू लावलं.

जेवायला भावाचे मैदानावरचे चार मित्र आले होते. त्यांतल्या एकाने पिस्तूल उचललं आणि भावाला कन्नडमध्ये म्हणाला, "तो पितळेचा व्हॉल्व्ह बसवलास ना, तसा मलाही करून दे."

मी वाढत होते. हातात पळी.

भाऊ म्हणाला, "देतो की. वेळ लागतो पण. लेथवर स्वल्प स्वल्प काढावं लागतं."

लेथ! त्याने आयुष्यात लेथ लांबूनही पाहिलेला नाही. मी अप्पांकडे बघितलं. समोरच बसले होते, सगळं ऐकलं होतं. आता बोलतील, मला वाटलं. त्यांनी भात कालवला आणि पानात बघत राहिले.

मी पळी खाली ठेवली. मित्राच्या हातातून पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, रिकामं आहे याची खात्री केली आणि तिथेच, पूजेच्या पाटाशेजारी बसून ते उघडलं. स्लाइड, स्प्रिंग, नळी, रबर, चाप, घोडा, पिना. एकेक काढून सतरंजीवर मांडलं. मिनिटभरात पिस्तूल राहिलं नाही.

"जोड," मी भावाला म्हणाले.

तो हसला. "सुम्निरु, अक्का. गप्प बस, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनाच तर दाखवायचंय. तूच केलंस ना? जोड."

आई दारातून म्हणाली, "अगं, सणाच्या दिवशी काय हे!"

भाऊ बसला. बसावंच लागलं. घोड्याची स्प्रिंग उलटी लावायला गेला, ती उडून कपाटाखाली गेली. दुसरी पिन कुठे जाते ते त्याला कळेना. कान लाल झाले होते. मला दया आली नाही. ती यायला हवी होती असं आई आजही म्हणते. व्हॉल्व्ह मागणाऱ्या मित्राने हळूच मला विचारलं, "तुम्ही केलंत का, अक्का?"

"हो," मी म्हणाले, आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

पाहुणे गेल्यावर मी अप्पांसमोर उभी राहिले. भावाचं खोटं मला समजत होतं. तो लहानपणापासून फुशारकी मारतो. "तुम्ही का गप्प बसलात? तुमच्यासमोर केलं मी ते. एकेक पिन."

"बिडम्मा," ते म्हणाले. सोडून दे. "चार लोकांत त्याचा मान राहिला तर तुझं काय जातं? तुला तर येतंच."

तुला तर येतंच! म्हणून काय ते वाटून टाकायचं? मला येतं ते आपोआप आलं नव्हतं. बोटांना चिरा पडल्या होत्या, रबरासाठी डोळे फोडले होते. येतंय त्याचं नाव पुसायचं आणि येत नाही त्याचा मान राखायचा, हा न्याय त्यांनी कुठून आणला? मी हे सगळं ओरडून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांवर ओरडले. ते उठून गच्चीवर गेले.

भाऊ आठवड्याने माझ्याकडे आला. "चुकलं, अक्का," म्हणाला, आणि त्याच दमात, "कधी जोडतेस?" मी जोडलं. माझ्यासाठी. पुढच्या रविवारी चष्मा घालून मीच मैदानावर गेले. पहिल्या दहा मिनिटांत मांडीवर गोळी बसली, चांगली झोंबली. मी खेळात अजिबात हुशार नाही. पण पिस्तूल सरळ मारतं. तिथे आता ते माझं म्हणून ओळखतात, आणि भाऊ दुसऱ्याच गटात खेळतो.

अप्पांशी बोलणं आहे. चहा, औषध, वीजबिल. परवा मी टेबलावर मॅगझिनची रबरी रिंग बदलत होते. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, पूर्वीसारखे. "दाखव बघू, कुठली घातलीस?"

मी मान वर केली नाही. रिंग बसवली, मॅगझिन पुसलं, डब्यात ठेवून झाकण लावलं. ते खुर्ची सरकवून उठून गेले. त्यांनी त्या मित्राला एवढंच सांगायला हवं होतं, की हे माझ्या मुलीने केलंय. अजूनही सांगू शकतात. तो दोन गल्ल्या सोडून राहतो.