बाई वडनेरला उतरल्या नाहीत

तुर्की भाषा शिकायला मी दिल्लीला गेलो, त्यात हौस कमी आणि शिष्यवृत्ती जास्त. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या वडनेरात बातमी कळली तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला. "तुर्की शिकून कोन्ता साहेब होशीन बे? त्याच्यापेक्षा मास्तरकी काय वाईट होती?" आई मात्र म्हणाली, "जाऊ द्या नं त्याले. एवढं मन हाय त्याचं, तर शिकू द्या."

वर्गात आम्ही पाच जण. बाकीचे चौघे बंगल्यांतले, इंग्रजी शाळांतले. शिकवायला खुद्द तुर्कस्तानातून आलेल्या एक बाई, पन्नाशीच्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. धड्यापेक्षा घरच्या रीतीच जास्त सांगायच्या. पाहुण्याला दारात काय म्हणायचं, थोरांचा हात कपाळाला कसा लावायचा, शेजारणीचं भांडं रिकामं का परत करायचं नाही. यावर मी बाकावरून उठूनच म्हणालो, "बाई, हे तर आमच्याकडंही आहे!"

पुढच्या सुट्टीनंतर आईनं दिलेली मिरचीच्या लोणच्याची बरणी मी त्यांना नेऊन दिली. मी घरी निघालो तेव्हा त्याच बरणीत सुके अंजीर भरून आले. आईनं एक चाखला, उरलेले गल्लीत वाटले. "चांगल्या घरची बाई हाय," ती म्हणाली. झालं, बरणी दोन वर्षं दिल्ली-वडनेर करत राहिली. दोघींची भाषा एक नाही, एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, तरी मैत्री पक्की. बाईंच्या देशात वांगं म्हणजे जीव की प्राण. आई चुलीत वांगी भाजून भरीत करते, हे मी सांगून बसलो. "तुझ्या आईच्या हातचं खाल्ल्याशिवाय मी हिंदुस्थान सोडणार नाही," असं त्यांनी भर वर्गात जाहीर केलं.

इथं माझी पाचावर धारण बसली. कारण वर्गात मी ठोकून दिलं होतं की आमच्या संत्र्याच्या बागा आहेत आणि आई घरात पुस्तकं वाचत बसते. माझी हिंदी ऐकून ती पोरं फिदीफिदी हसायची. त्यांची तोंडं बंद करायला मारलेली थाप. आई एसटीच्या थांब्यावर पेरूची टोपली घेऊन बसते, हे सांगायला जीभ रेटेना. लाज वाटत होती मला आईची, दुसरं काही नाही.

त्या हिवाळ्यात बाईंनी अजिंठा आणि लोणार पाहायचं ठरवलं. वाट दाखवायला मी, सोबत वर्गातले दोघे, आणि मधे एक दिवस आमच्या घरी. आईला पत्र गेलं होतं. तिनं घर सारवलं, शाळेतून खुर्ची मागून आणली, भरताची वांगी झाडावर राखून ठेवली. हे मला मागून कळलं. निघायच्या आधी मी तिला दुसरं पत्र टाकलं, की बाईंची तब्येत बिघडली, आता कोणीच येत नाही. इकडं बाईंना सांगितलं, आई लग्नाला बाहेरगावी गेली. दोन थापांत काम फत्ते. हुशारी पाहा माझी!

पण अजिंठ्याहून लोणारला जाताना आम्ही मलकापूरला खामगावची एसटी धरली, आणि ती वडनेरला थांबतेच. म्हटलं, दोन मिनिटांचा थांबा, तोंड फिरवून बसू. बाई खिडकीशी होत्या. गाडी थांबली आणि टोपली घेऊन आई नेमकी त्याच खिडकीखाली आली.

तिनं आधी बाईंकडं पाहिलं, मग पलीकडं माझ्याकडं. तिला सगळं कळलं, चेहऱ्यावरून दिसलंच. मी समोरच्या बाकाची कड न्याहाळत बसलो. बाईंनी मोडक्या हिंदीत चार पेरू मागितले. आईनं पदरानं पुसून सहा दिले, पैशाला हात लावला नाही, आणि गाडी हलली तशी मागं सरली.

"ओळखीची होती का?" बाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "इकडची माणसं असतातच अशी."

लोणार कसं होतं हे मला विचारू नका. सरोवर पाहून बाईंनी टाळ्या वाजवल्या, एवढं आठवतं. उन्हाळ्यात त्या कायमच्या मायदेशी गेल्या. पत्र लिहून त्यांना खरं सांगायचं असं मी कितीदा ठरवलं, त्यांच्याच भाषेत दोन-चार ओळी लिहिल्याही, आणि फाडून टाकल्या.

परीक्षा आटोपून मी घरी आलो. चार दिवस आई त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी जेवायला वाढताना तिनं विचारलं, "त्या दिवशी जेवल्या कुठं रे त्या बाई?"

"खामगावात. हॉटेलात."

"हाटेलात," ती म्हणाली आणि तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग माझ्याकडं न पाहता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आनाचं होतं बाप्पा त्याइले घरी. म्या सांगतलं असतं, मी या घरी कामाले आहो म्हनून."