भरल्या ताटावरून

नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला माझ्याकडे आलेल्या आईला मी हौसेने हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात खटला दाखवायला नेलं. काचेपलीकडे आरोपी बसला होता, एक माजी लष्करशहा.

"किती थकलाय गं! स्वेटर तरी द्या कुणीतरी," आई कळवळली. माझं डोकंच फिरलं.

मग एका साक्षीदार बाईचं बोलणं मी तिला मराठीत कुजबुजून सांगितलं. आरोपीच्या सैनिकांनी तिच्या मुलाला जेवतानाच उचलून नेलं होतं. तो परत आला नाही.

"भरल्या ताटावरून उठवलं, मेल्याने?" आई कडाडली. रक्षकाने आम्हा दोघींना नम्रपणे बाहेर काढलं.

स्वेटरचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "ते ताट उचलायला त्या बाईचा हात कसा झाला असेल गं?"