काकूंचं इझमीर

"आवं!" अशी काकूंनी माझ्या ऑफिसच्या दारातून हाक मारली की आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष वळून बघायचे. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नाही. पासपोर्टच्या कामाला पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मी नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी बाहेर फोनवर बोलत उभ्या असलेल्या काकांकडे बोट केलं. म्हणाल्या, "त्येंनाच इचारा की." अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील.

माझा सांगलीत तिकिटं आणि व्हिसा काढून देण्याचा धंदा. काका तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. उंचेपुरे, भरघोस मिशा, आणि आवाज असा की माझ्या ऑफिसात त्यांनी 'हॅलो' म्हटलं तर शेजारच्या दुकानदारानं उत्तर द्यावं. बेदाणा निवडायची यंत्रं बघायला त्यांना तुर्कस्तानात, इझमीरला जावं लागे. बाहेरचं जेवण सोसत नाही म्हणून ते काकूंना बरोबर न्यायचे. पिठाचा डबा आणि विजेची शेगडी घेऊन काकू विमानात बसायच्या.

सकाळी काका कारखान्यात गेले की काकू मोकळ्या. खोलीत बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. इरकलीवर बूट चढवून त्या गाव बघायला निघायच्या. वांग्यांचा भाव मराठीतच करायच्या आणि तासगावच्या बाजारापेक्षा वांगी पोचट आहेत, हेही त्या दुकानदाराला मराठीतच सुनवायच्या.

"भाषा येत नाही, मग रस्ता कसा विचारता?" मी विचारलं.

"इचारायचा कशाला? ज्या वाटंनं गेलं त्या वाटंनं माघारी याचं."

अशाच एका फेरीत त्यांना तो माणूस दिसला. जुन्या बाजारात दोरखंड विकणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथं पुढे काका पाठमोरे चाललेले त्यांनी पाहिले. कारखान्यात जातो म्हणून सांगून इथं भटकतात, म्हणून काकूंना राग आला. त्यांनी हाक मारली, "आवं!"

"आपल्या बाजारात धा जणं वळत्यात," काकू सांगत होत्या, "तितं येकच वळला. तोंड ह्यांचंच. पण ह्ये न्हवं."

त्या माणसानं त्यांना दुकानात बसवलं आणि चहा दिला.

"परक्या माणसाच्या दुकानात बसलात?" मी म्हटलं.

"परका कसला? तोंड तर वळखीचं हाय न्हवं!"

मी पोट धरून हसले. काकाही हसले. "आमच्या मंडळींनी तिथं दुसरा नवरा शोधलाय," असं ते माझ्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. काकू मात्र हसायच्या नाहीत. "येकदा चला नुसतं," त्या म्हणायच्या. "शेजारी शेजारी हुबं करून मला बघायचं हाय." काका म्हणायचे, "आरशात रोज बघतोय, तेवढं बास झालं." दर खेपेला त्या विनवायच्या आणि दर खेपेला काकांना काम निघायचं.

मग एका वर्षी काका आजारी पडले. बरे झाले, पण पार वाळले. तरी यंत्राच्या कामासाठी गेलेच. परत आल्यावर माझ्या टेबलासमोर बसून काकू हळूच म्हणाल्या, "ताई, त्यो पण वाळलाय वो." शेजारी बसलेल्या काकांनी ते ऐकलं. त्या दिवशी ते विनोद न करता उठून गेले. खरं सांगते, दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या हंगामात काका गेले. तासगावच्या गोदामात बेदाण्याच्या खोक्यावर बसल्या बसल्याच.

काही महिन्यांनी काकू ऑफिसात आल्या. मी व्यापाऱ्यांचा एक गट इझमीरला घेऊन जाणार असल्याचं त्यांना कळलं होतं. "मला पण न्या," म्हणाल्या. "फोटूत ह्ये नुसतं बघत्यात. हालत न्हाईत, बोलत न्हाईत. तितं जाऊन येकदा तोंड बघून येती." त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिकीट काढू नका. मी सोबत राहीन म्हटल्यावर तो कसाबसा तयार झाला. मला काकूंची फार दया येत होती. तिथं कोणीच नसलं तर यांना सावरायचं कसं, हाच घोर मला लागला होता.

भर दुपारी आम्ही दोघीच त्या बाजारात गेलो. काकू कुठेही न अडखळता वळणं घेत होत्या. दोरखंडांच्या गल्लीत शिरलो तसा मागचा गलबला एकदम थांबला. दोन्ही बाजूंना दोरांची वेटोळी टांगलेली, माणूस कोणी नाही. काकू थांबल्या आणि त्यांनी हाक मारली.

एका दुकानात पाठमोरा बसलेला माणूस वळला.

बुटका, गोरा, टकला. मिशी नावालाही नाही. काकांशी त्याचं तिळमात्र साम्य नव्हतं. काकूंनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "हाय का न्हाई हुबेहूब?"

"आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? एवढ्या वर्षांचं कोडं सुटलं, असं मला वाटलं, आणि वाईटही वाटलं.

त्या माणसानं काकूंना स्टूल दिलं, मला दिलं. मग आतून तिसरं आणून काकूंच्या पलीकडे मांडलं. मला वाटलं, स्वतःसाठी. पण तो बसला नाही. चहाचे तीन पेले आणले, तिसरा त्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवला. छातीवर हात ठेवून स्टुलाकडे बघत किंचित वाकला. आणि तसाच बघत राहिला. बघता बघता त्यानं हात वर नेला आणि आपल्याच गालावरून, ओठांवरून सावकाश फिरवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी काकूंकडे पाहिलं. काका गेल्यापासून त्यांचा पदर खांद्यावरच असायचा. आता त्यांनी तो डोक्यावर ओढून घेतला, चारचौघांत नवरा शेजारी येऊन बसला की घेतात तसा, आणि आपलं स्टूल थोडं अलीकडे सरकवलं.

"आलं येकदाचं," त्या पुटपुटल्या.

आम्ही बराच वेळ तिथं बसलो. काकू एकदा त्या माणसाकडे बघायच्या, एकदा स्टुलाकडे, आणि इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र त्या स्टुलाकडे बघायचं टाळत होते. निघताना मी मुद्दाम वाकून तिसरा पेला पाहिला. काठोकाठ भरलेला. मला एकदम हायसं वाटलं.

"काकू, हा चहा तर तसाच आहे," मी म्हणाले.

काकूंनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"बिनदुधाचा च्या त्ये कवा पित्यात व्हय?"