वाघाला वाहिलेले तांदूळ

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे, पुष्कळदा सांगितली आहे, हातवारे करून, हसत हसत. पण मधला एक तुकडा गाळून. तो गाळला की ती शाळेच्या सहलीची गंमत होते. ठेवला की काय होतं, ते तुम्हीच बघा.

लोकांना मी सांगते ती गोष्ट अशी. आठवीत असताना आमची सहल नाशिकहून पुण्याला गेली होती. सकाळी शनिवारवाडा, दुपारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय. वर्गात आमच्या नाशिकच्याच पेठ तालुक्याकडची एक मुलगी होती. तिने वाघासमोर चपला काढून हात जोडले आणि तांदळाची पुरचुंडी फेकून त्याला नैवेद्य दाखवला. रखवालदार शिट्ट्या फुंकत धावला, सरांची बोबडी वळली, आणि वाघ — वाघाने डोळासुद्धा उघडला नाही. इथे सगळे हसतात. माहेरी हसले, सासरी हसले, ऑफिसात तर एकीने पुन्हा सांगायला लावली. मीही हसते. इतकी वर्षं हसल्यावर मला कधीकधी वाटायला लागतं की खरंच एवढंच झालं होतं.

एवढंच झालं नव्हतं.

तिचं नाव यमुना. आमचा मखमलाबादकडे फुलांचा मळा आहे — झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. तिचे आईबाप दरवर्षी गावाकडचं भात कापून झालं की आमच्याकडे कामाला यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे. त्या वर्षी मात्र ते गेले नाहीत. पोरीला शहरातल्या शाळेत शिकवायचं म्हणून पहिल्यांदाच पावसाळ्यातही मळ्यावरच्या खोलीत राहिले. माझे वडील स्वतः मुख्याध्यापकांना भेटले आणि यमुना माझ्या वर्गात आली. पहिल्या दिवशी तिला हाताला धरून वर्गात मीच नेलं. गौरीशी ओळखही मीच करून दिली.

गौरीबद्दल काय सांगू? गौरी माझी होती. असं म्हणतात का कुणाबद्दल? मी म्हणायचे. पाचवीपासून एका बाकावर, एका डब्यात, एकीला ताप आला की दुसरीचं शाळेत लक्ष नाही. मला बहीण नाही, घरात दोन भाऊ आणि दिवसभर फुलांच्या करंड्या. गौरी कॉलनीत राहायची, तिच्या घरी सोफा होता, आणि तिच्या आईला माझ्या मळ्याच्या चपला दारात चालायच्या. त्याचं मला केवढं अप्रूप होतं!

आणि दिवाळीनंतर गौरीला यमुना आवडायला लागली.

काही मोठं झालं नाही हो. गौरी तिच्या डब्यातली नागलीची भाकरी मागून खाऊ लागली, इतकंच. मग शाळा सुटल्यावर तिची वाट बघत थांबू लागली. मग एक दिवस मी काहीतरी सांगत होते आणि गौरी माझं अर्धं ऐकून म्हणाली, थांब, यमुनाला येऊ दे, तिलाही ऐकू दे. तुम्हाला हसू येईल, पण मी त्या रात्री जेवले नव्हते. आयत्या बिळावर नागोबा, असं मी यमुनाला मनातल्या मनात म्हणायचे. तोंडावर मात्र गोड. तिची वेणी घालून द्यायचे, माझी जुनी वही द्यायचे. पोटात एक आणि ओठात एक, हे कुणी शिकवावं लागत नाही.

सहलीच्या दिवशी पहाटे एसटी शाळेच्या दाराशी उभी होती. गौरी आधी चढली. मी चढून बघते तर तिने खिडकी यमुनाला दिलेली, आणि मला म्हणते कशी — तिने पुणं बघितलेलं नाही ना गं, तू पुढच्या सीटवर बस. मी बसले. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, मागे त्या दोघी खिदळत होत्या आणि मी कान मागे लावून बसले होते. नारायणगावला नाश्त्याला उतरलो तेव्हा गौरीने मला विचारलं, तू गप्प का? मी म्हटलं, बस लागली.

कात्रजला मोरांच्या जाळीपाशी यमुनाने मोराचा आवाज काढला. हुबेहूब. जाळीतून एका मोराने उत्तर दिलं आणि सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. एकेक जण फर्माइशी करू लागला. गौरीचा चेहरा बघायला हवा होता — जणू ते कौतुक तिचंच चाललं होतं. हात धरून उभी होती तिचा. खरं सांगते, त्या क्षणी मला यमुनाचं तोंड बंद व्हायला हवं होतं. कसंही.

आता तो तुकडा.

वाघाच्या कठड्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा गौरी पाणी प्यायला गेली होती. खाली मोठा खंदक, पलीकडे गवतात वाघ झोपलेला. यमुनाने चपला काढल्या. हात जोडले. पेठकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, गावाच्या शिवेवर वाघदेवाला शेंदूर लावतात, भाताचा नैवेद्य करतात — हे तिने मला आधी सांगितलं होतं. रानात असताना त्याचं नावही घ्यायचं नाही म्हणे. मग तिने दप्तरातून एक फडक्याची पुरचुंडी काढली. तिच्या आईने बांधून दिली होती — गावाकडून आलेले नव्या भाताचे तांदूळ, हळदकुंकू, खोबऱ्याचा तुकडा. त्या माउलीला काय वाटलं असेल? शाळा पोरांना देवाच्या दर्शनाला नेते, तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं?

पण यमुना आईसारखी भोळी नव्हती. तिने पाटी वाचली होती. प्राण्यांना काहीही टाकू नये, ही भली मोठी पाटी कठड्यावरच होती. पुरचुंडी हातात धरून ती नुसती उभी होती. परत दप्तरात ठेवणार होती. ठेवतच होती — आणि तिने मला विचारलं.

"वैशू, टाकायला मनाय ना?"

काय बोलायचं ते मला कळत होतं. पाटी मीही वाचली होती, सरांनी बसमध्ये दोनदा बजावलं होतं. मी तिच्या जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले —

"ते खायला टाकणाऱ्यांसाठी आहे. देवाला चालतं. टाक तू, मी इथंच आहे."

एवढं बोलून मी वळले. इथंच आहे म्हणाले आणि वळून सरांकडे गेले. चालत नाही, धावत. सर, यमुना वाघाला काहीतरी टाकतेय, मी नको म्हणते पण ऐकत नाही. अजून तिने टाकलंही नव्हतं तेव्हा मी हे सांगत होते. सरांनी मान वळवली आणि नेमकी तेव्हाच पुरचुंडी तिच्या हातातून सुटली. खंदकात पडून फुटली. तांदूळ सिमेंटवर पसरले. मग शिट्टी झाली.

रखवालदाराने सरांना सगळ्यांदेखत झापलं. सर आधीच रागीट, त्यात अपमान. सर्पोद्यान बघायचं राहिलं होतं, ते रद्द. सगळ्यांना रांगेत बाहेर काढलं. पोरं चिडली, आणि कुणावर चिडणार? सरांनी यमुनाला विचारलं, पाटी दिसली नाही का, कुणी सांगितलं होतं टाकायला?

तिने माझ्याकडे बघितलं.

मी सरांकडे बघत होते. मान हलवत होते — बघा ना सर, अशी. आणि यमुना म्हणाली, कुणी नाही.

ती बोलणार नाही हे मला माहीत होतं. लहान होते, कळत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं, पण ते खोटं आहे. मला नीट कळत होतं. तिचे आईबाप आमच्या खोलीत राहत होते, आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं पाणी भरत होते. माझ्याकडे बोट दाखवून ती घरी कुठे जाणार होती? त्या भरवशावरच तर मी ते केलं. तिच्या जागी कॉलनीतली कुणी असती तर माझी हिंमत झाली नसती.

परतीला तिला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटीला बसवलं. मागून पोरांनी तिचं नाव वाघीणबाई ठेवलं, डरकाळ्या फोडल्या. गौरी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने मला एकदाच विचारलं, तू खरंच नको म्हणाली होतीस ना? मी म्हटलं, आईशप्पथ. खिडकी मला मिळाली होती. आणि सांगू? मला आनंद झाला होता. संगमनेरच्या पुढे गौरी माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली, तेव्हा मी ती हलू नये म्हणून खांदा अवघडून बसून होते. इतकी सुखात मी कधीच नव्हते.

दोन दिवसांनी यमुनाच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते टोपी हातात घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभे होते, मी व्हरांड्यातून बघितलं. तांदूळ आम्हीच बांधून दिले, चूक आमची, पोरीची नाही, असं म्हणत होते. शाळेने तिला काढलं नाही. पण डरकाळ्या थांबल्या नाहीत, आणि गौरीने तिच्याशी बोलणं सोडलं. यमुना डबा एकटीने खायची. जानेवारी संपायच्या आत यमुना शाळेत यायची थांबली. वडिलांनी तिला गावाकडच्या आश्रमशाळेत घातलं. ज्या शाळेसाठी ते पावसाळाभर थांबले होते ती शाळा अशी संपली.

तिची आई मात्र मळ्यावर होती. एकदा शेवंती तोडताना मी तिच्या शेजारच्या सरीत होते. तिने वर न बघता मला विचारलं —

"ताई, तांदूळ वाह्यला तवा त्यानं बघितला का?"

शाळेचं नाही, सरांचं नाही. तिला एवढंच हवं होतं. मी म्हटलं, हो, बघितला. डोळे उघडून बघितला. तिने मान डोलावली आणि पुढची फुलं तोडायला लागली. त्यानंतर ती मला जास्तच जपायला लागली, सणाला हातावर काहीतरी ठेवायची. मी ते घ्यायचे.

गौरी अजून माझी आहे. तिच्या लग्नात करवली मी होते, तिच्या मुलीचं नाव आम्ही दोघींनी मिळून काढलं. मला जे हवं होतं ते मला पुरेपूर मिळालं.

यमुनाही भेटली. मागच्या दिवाळीत ती वडिलांना घ्यायला मळ्यावर आली होती. आता पेठला अंगणवाडीत आहे, मुलगा बरोबर होता, त्याने आमच्या विहिरीत खडे टाकले. शाळेचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही. चहा झाला. निघताना तिने स्वतःहून नंबर दिला, म्हणाली पेठकडे आलात तर या. आलात. आम्ही एका वर्गातल्या. मी तिच्यासमोर तो नंबर फोनमध्ये घातला.

परवा आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी भेटायचं ठरलं. त्यानंतर गौरीचा मला वेगळा मेसेज आला. वैशू, तुमच्या मळ्यावरची ती यमुना आठवते? तिच्याशी आपण फार वाईट वागलो गं. बिचारीने श्रद्धेने केलं होतं ते. मला तिला एकदा भेटायचंय, तिचा नंबर कुठून मिळेल का?

मी फोनमध्ये यमुनाचा नंबर काढून बघितला. मग लिहिलं, नाही गं, ते लोक कधीच गेले, काही पत्ता नाही.

यमुना सगळं सांगेल या भीतीने लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. भीती नव्हती. ती तेव्हा बोलली नाही, आताही बोलणार नाही. मी फक्त त्या दोघींना पुन्हा हसताना डोळ्यांपुढे आणून बघितलं. आणि ते मला अजूनही सहन झालं नाही.